पूर-नकाशाची लिंक कुणाच्या हातात? खाजगी ऑनलाइन नकाशा शेअर करण्याआधी वाचा

"काकू, तुम्ही एकट्याच राहता ना? मग आमची ही योजना खास तुमच्यासाठीच आहे."

आमच्या पेठेतल्या सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना असा फोन आला. त्यांनी तो ठेवला आणि पुढचा फोन मला लावला. "अगं, त्याला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यालं सुदीक ठावं हुतं. कुणी सांगितलं त्याला?"

सांगितलं मीच होतं. म्हणजे मी केलेल्या नकाशानं सांगितलं होतं.

झालं असं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आमच्या तालमीतल्या पोरांनी ठरवलं, की पुढच्या पावसाळ्याआधी भागाचा नकाशा करून ठेवायचा. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाच्या दावणीला म्हशी आहेत, ट्रॅक्टर कुणाकडे, तराफा कुणाकडे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ४० फूट झाल्यावर आधी कुणाचं दार वाजवायचं, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मी छापखान्यात डीटीपी करते, म्हणजे 'कॉम्प्युटरवालं' काम माझ्याच गळ्यात. गुगल माय मॅप्सवर, म्हणजे आपल्या खुणा टाकून स्वतःचा नकाशा करायच्या गुगलच्या सोयीवर, दोन रात्रीत नकाशा तयार झाला. आता कार्यकर्त्यांना दाखवायचा कसा? सगळ्यांचं एकच म्हणणं, "काय लागतंय त्याला, टाक की लिंक ग्रुपवर!"

टाकली. त्या ग्रुपवरून ती दुसऱ्या ग्रुपवर गेली, तिथून आणखी कुठे. आठवडाभरात काकूंना फोन.

तेव्हापासून हे सगळं मी नव्यानं शिकले. तुम्ही पूर-नकाशा करत असाल, वारीच्या मुक्कामांचा, सोसायटीच्या सभासदांचा किंवा शेतातल्या बोअरचा, अडचणी थोड्याफार याच येतात. खाली मुख्यतः गुगल माय मॅप्सबद्दल लिहिलंय, कारण आपल्याकडे बहुतेक जण तेच वापरतात. बटणांची नावं आणि जागा अधूनमधून बदलतात, तेव्हा नावापेक्षा बटण काय करतं ते ध्यानात ठेवा.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. माय मॅप्सचं वेगळं अँड्रॉइड अॅप होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. फोनवर नकाशा बघता येतो. बनवणं आणि परवानग्या लावणं मोठ्या पडद्यावरच करा.
- नकाशासाठी एक जीमेल खातं. शक्यतो स्वतःचं रोजचं नको; का ते पाचव्या टप्प्यात.
- ज्यांना नकाशा दिसायला हवा त्यांची यादी. नाव, मोबाइल आणि त्यांच्या फोनमध्ये प्रत्यक्ष चालू असलेला जीमेल पत्ता. यादीतलं सगळ्यात चिवट काम हेच.
- माहितीचा तक्ता, एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये. एका वेळी २००० ओळींपर्यंत उचलला जातो, म्हणजे एका पेठेला भरपूर झालं.
- ज्यांच्या घराची खूण करणार आहात त्यांचा होकार. तोंडी का होईना, पण घ्या, आणि तक्त्यात तारीख लिहा.

## १. कुठला रकाना नकाशात जाणार ते आधी कागदावर ठरवा

माझी पहिली चूक नकाशा शेअर करण्याच्या आधीच होऊन गेली होती. सर्वेक्षणाचा अख्खा तक्ता मी जसाच्या तसा चढवला. नाव, वय, मोबाइल, आजार, 'मुलगा पुण्याला असतो' हा शेरासुद्धा. माय मॅप्समध्ये तक्ता चढवला की त्यातले सगळे रकाने त्या खुणेच्या कार्डात जाऊन बसतात. खुणेला नाव म्हणून तुम्ही फक्त घर क्रमांक निवडला तरी उरलेलं कुठे जात नाही. खुणेवर बोट ठेवलं की सगळं उघडं.

म्हणून तक्त्याची वेगळी प्रत काढा आणि नको ते रकाने चढवण्याआधीच उडवा. मी आता प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारते: रात्री दोनला, पावसात, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या पोराला हे लागणार आहे का? 'चालता येत नाही, खुर्ची लागेल' हे लागतं. 'गुडघ्याची वाटी बदलली' हे लागत नाही. मोबाइल नंबर लागतो, पण तो नकाशावर असलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडे आता नकाशावर फक्त 'घ-१७' असा सांकेतिक क्रमांक असतो. क्रमांकापुढचं नाव आणि नंबर तीन गटप्रमुखांकडे असलेल्या वहीत. हो, चक्क कागदी वही. वही फॉरवर्ड करता येत नाही.

वहीचा फोटो काढता येतो, हे मलाही कळतं. पण फोटो काढायला माणसाला मुद्दाम काहीतरी करावं लागतं. लिंक पुढे ढकलायला नुसता अंगठा पुरतो.

## २. एकाच नकाशात दोन थर नकोत, सरळ दोन नकाशे करा

नवखा माणूस हमखास फसतो तो इथे. माय मॅप्समध्ये एका नकाशात दहापर्यंत थर (लेअर), म्हणजे खुणांचे वेगवेगळे गट, करता येतात. साहजिकच वाटतं, की एका थरात निवारा केंद्रं आणि बंद होणारे रस्ते ठेवू, दुसऱ्यात आजारी माणसांची घरं ठेवू, आणि लोकांना दाखवताना दुसऱ्या थरापुढची खूण काढून टाकू.

तसं होत नाही. थर झाकणं म्हणजे खोलीचा पडदा ओढणं, दार लावणं नव्हे. नकाशा ज्याला दिसतो त्याला त्यातले सगळे थर दिसतात. डावीकडच्या यादीत त्यानं टिचकी मारली की झाकलेला थर पुन्हा हजर. परवानगी लागते ती पूर्ण नकाशाला, थराला नाही.

आम्ही आता दोन वेगळे नकाशे ठेवतो.

उघडा नकाशा: निवाऱ्याच्या शाळा, जनावरं बांधायच्या जागा, पाणी चढलं की बंद होणारे रस्ते, उंचावरून जाणाऱ्या पर्यायी वाटा. हा सगळ्या गावानं बघावा, पुढे पाठवावा. याची लिंक बिनधास्त ग्रुपवर टाका. मंडळाच्या फ्लेक्सवर क्यूआर कोड छापा.

बंद नकाशा: घरं आणि माणसं. हा फक्त नावानिशी ठरलेल्या लोकांना.

फ्लेक्सवरून आठवलं. एका मंडळाच्या पोरांनी हौसेनं बंद नकाशाचाच क्यूआर छापून चौकात लावला होता. क्यूआर म्हणजे चित्रात काढलेली लिंकच. नशीब, त्या नकाशाला कुलूप होतं. कोडवर फोन धरणाऱ्याला 'परवानगी मागा' एवढंच दिसत होतं. फ्लेक्स मात्र नवा करावा लागला.

## ३. शेअरचं बटण दाबण्याआधी श्वास घ्या

नवा नकाशा तयार होतो तेव्हा तो फक्त तुम्हालाच दिसतो. तो बाहेर जातो तो तुम्ही दाबलेल्या बटणामुळे. शेअर दाबलं की छोटी चौकट उघडते. त्यात नीट बघायच्या गोष्टी तीन.

लिंक असलेल्या कुणालाही दिसेल हा खटका. याचा अर्थ शब्दशः घ्या: कुणालाही. खातं लागत नाही, नाव कळत नाही, कुणी किती वेळा बघितलं याची यादी तुमच्याकडे येत नाही. 'लिंक तर मी फक्त बाराच जणांना दिली' या म्हणण्याला अर्थ नाही, कारण गुगलला ते बारा जण माहीतच नाहीत. त्याला फक्त लिंक माहीत आहे. बंद नकाशासाठी हा खटका बंद.

इंटरनेटवर शोधून सापडू द्या हा दुसरा. हा चालू केला तर लिंक फुटायचीही गरज नाही, लोकांना शोधातच सापडू शकेल. उघड्या नकाशाला हा चालेल. बंद नकाशाला चुकूनही नको.

ड्राइव्हमध्ये शेअर करा हे तिसरं, आणि बंद नकाशासाठी कामाचं हेच. माय मॅप्सचा नकाशा खरं तर तुमच्या गुगल ड्राइव्हमधली एक फाइल असते. डॉक किंवा शीट शेअर करताना जी चौकट येते तीच इथे येते: वर ईमेल पत्ते घालायची जागा, खाली 'जनरल अॅक्सेस'. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' दिसलं पाहिजे. 'एनीवन विथ द लिंक' दिसत असेल तर तुम्ही अजून चौकातच उभे आहात.

आता फाइल आहे म्हटल्यावर ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे हेही बघा. मी एकदा नीटनेटकेपणा म्हणून बंद नकाशा 'पूर' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवला. ते फोल्डर आधीच तीसेक जणांना शेअर केलेलं, फोटो टाकायला म्हणून. फोल्डरची परवानगी आतल्या फाइलला लागू होते. झालं, नकाशाही तीस जणांना दिसायला लागला. बंद नकाशा वेगळ्या, कुणालाही न दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

आणि हो, नकाशा एखाद्या वेबसाइटवर चिकटवायचा असेल तर तो लिंकवाल्या सगळ्यांसाठी खुला करावाच लागतो. तेव्हा वेबसाइटवर जाईल तो उघडा नकाशाच.

## ४. माणसं एकेक करून जोडा, आणि त्यांचं खातं तपासा

ईमेल घालून 'व्ह्यूअर' निवडायचं, पाठवायचं. सांगायला अर्ध्या मिनिटाचं काम. प्रत्यक्षात आमचा एक अख्खा रविवार गेला.

पहिली अडचण: अर्ध्या लोकांना स्वतःचा जीमेल पत्ता माहीत नसतो. फोन घेतला तेव्हा दुकानदारानं काहीतरी खातं काढून दिलेलं असतं, तेवढ्यावर प्ले स्टोअर चालतं, विषय संपला. आमच्या आण्णांनी, म्हणजे रिक्षा चालवणाऱ्या आमच्या गटप्रमुखांनी, ठामपणे एक पत्ता सांगितला. मी जोडला. त्यांच्या फोनवर नकाशा काही उघडेना. "तुझा नकाशा बिघडलाय बघ पोरी." शेवटी त्यांचा फोन हातात घेतला, गुगल मॅप्स उघडून वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवलं, तर तिथे तीन खाती. त्यांचं एक, लेकाचं एक, आणि एक नातवाच्या गेमचं. नकाशे बघत होते ते नातवाच्या खात्यातून.

म्हणून पत्ता तोंडी घेऊ नका. त्या माणसाच्या फोनवर मॅप्स उघडा, गोल चित्रावर बोट ठेवा, तिथे जो पत्ता दिसतो तोच लिहून घ्या. एकापेक्षा जास्त खाती असतील तर नकाशा कुठल्या खात्यात आहे ते दाखवून ठेवा. जोडल्यावर तो नकाशा त्यांना गुगल मॅप्समध्ये त्यांच्या जतन केलेल्या गोष्टींच्या पानावर, 'मॅप्स' या मथळ्याखाली सापडतो. पहिल्यांदा तुमच्यासमोरच उघडून घ्या. पुराच्या रात्री शिकवायला वेळ नसतो.

दुसरी अडचण परवानगी मागणाऱ्यांची. बंद नकाशाची लिंक चुकीच्या खात्यातून उघडली की 'परवानगी मागा' असं बटण येतं, आणि मालकाच्या मेलवर विनंती येते. मेलमध्ये एक 'शेअर' बटणही असतं, दाबायला फार सोपं. इथे घाई करायची नाही. मला एकदा रात्री साडेअकराला विनंती आली. पत्त्यात नुसतं 'किंग' आणि पुढे चार आकडे. नाव नाही, फोटो सिंहाचा. मी दिली नाही. सकाळी कळलं, तो आमच्याच मागच्या गल्लीतला कार्यकर्ता. त्याला राग आला, चहा पाजून तो काढला. पण आमचा नियम तोच राहिला: विनंती आली की आधी त्या माणसाचा फोन यायला हवा, मग परवानगी.

लोक पंधरा-वीसच्या पुढे असतील तर गुगल ग्रुप काढा. ग्रुपचा स्वतःचा एक ईमेल पत्ता असतो. नकाशाला तो एकच पत्ता जोडायचा. पुढे माणूस आला-गेला तर ग्रुपमध्ये बदल करायचा, नकाशाला हात लावायचा नाही. पाचसहा नकाशे असले तर हा आटापिटा वसूल होतो. मात्र ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'कुणीही सामील होऊ शकतं' असं ठेवलंत, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असं व्हायचं.

## ५. एडिटर मोजकेच ठेवा

'व्ह्यूअर' बघतो, 'एडिटर' बदलतो. एडिटरला आणखी एक अधिकार मिळतो, जो लोकांच्या लक्षात येत नाही: तो इतरांनाही जोडू शकतो. ड्राइव्हच्या शेअर चौकटीत दातेरी चाकाचं चिन्ह असतं, त्यात 'एडिटरना परवानग्या बदलता येतील' अशा अर्थाची एक खूण असते. ती काढून टाका. आमच्याकडे एडिटर दोघंच, मी आणि एक कॉलेजचा पोरगा. बाकीच्यांना खुणेत बदल हवा असला तर ते आम्हाला सांगतात. 'आम्हाला का नाही एडिट?' म्हणून थोडी धुसफूस झाली, पण एका हौशी हातानं अख्खा थर पुसल्याचं बघितल्यावर ती आपोआप थांबली. तेव्हापासून महिन्यातून एकदा नकाशाची केएमएल फाइल, म्हणजे सगळ्या खुणांची एका फाइलमधली प्रत, उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवते.

मालकाचं खातं वेगळं असावं हे वर म्हटलं, त्याचं कारण असं: मालक मंडळ सोडून गेला की नकाशा त्याच्याबरोबर जातो. मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण समोरच्यानं ती स्वीकारावी लागते, आणि त्यासाठी आधी मूळ मालकाच्या मागे लागावं लागतं. फक्त एक सांभाळा, असं वेगळं खातं पावसाळ्यापुरतंच उघडलं जातं. गुगल सलग दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं, म्हणून दर मे महिन्यात एकदा लॉगिन. पासवर्ड दोघांकडे, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोड मागायची सोय, चालू. पण तो कोड येणारा मोबाइल कुणाकडे आहे हे दोघांनाही ठाऊक हवं.

## ६. कुलूप लागलंय का, बाहेर उभं राहून बघा

आपल्या घराचं दार आतून नेहमीच उघडं दिसतं. मालकाच्या खात्यातून नकाशा तपासून काहीच कळत नाही. त्यासाठी:

१. नकाशाची लिंक कॉपी करा.
२. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तिथे तुमचं कुठलंच खातं चालू नसेल.
३. लिंक टाका. बंद नकाशा असेल तर लॉगिन किंवा परवानगी मागितली पाहिजे. खुणा दिसल्या तर परत टप्पा ३.
४. यादीत नसलेल्या माणसाच्या फोनवरही उघडून बघा. मी आईचा फोन वापरते.
५. यादीत असलेल्या एकाच्या फोनवर एखादी खूण उघडा आणि कार्डात काय काय दिसतं ते वरपासून खालपर्यंत वाचा. राहिलेला एखादा रकाना इथेच सापडतो.

प्रत्येक मोठ्या बदलानंतर हे पुन्हा करायचं. मला तीन मिनिटं लागतात.

## ७. लिंक फुटली तर

घाबरून पहिल्यांदा लोक काय करतात, तर लिंकवाला खटका बंद करतात, आणि दोन दिवसांनी गरज पडली म्हणून परत चालू करतात. मीही केलं होतं. ध्यानात ठेवा: लिंक तीच राहते. नकाशाचा क्रमांक लिंकमध्येच असतो, तो बदलत नाही. खटका परत चालू केला की ज्यांच्याकडे जुनी लिंक पडून आहे त्या सगळ्यांना नकाशा परत दिसायला लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा.

लिंकवाला खटका लगेच बंद करा, जनरल अॅक्सेस 'रिस्ट्रिक्टेड' करा. यादीत कोण कोण आहे ते वाचा. न ओळखता येणारी नावं काढा. मग साफ केलेल्या तक्त्यावरून नवा नकाशा बनवा. त्याची लिंक नवी असेल, आणि माणसं पुन्हा पहिल्यापासून जोडायची. जुन्या नकाशाची नक्कल काढूनही चालतं, पण मग जुने नको असलेले रकानेही सोबत येतात.

शेवटी जुना नकाशा काढून टाका. इथेही एक खोच आहे. ड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल आधी कचऱ्याच्या डब्यात जाते आणि तिथे ३० दिवस राहते. डब्यात आहे म्हणजे मेली असं नाही; जिच्या परवानग्या शिल्लक आहेत ती फाइल ज्यांना दिली होती त्यांना अजून दिसू शकते. तेव्हा आधी परवानग्या काढायच्या, मग डिलीट, मग डबा रिकामा.

एवढं करूनही एक गोष्ट परत येत नाही. ज्याला नकाशा दिसत होता तो त्याची नक्कल स्वतःच्या खात्यात करून ठेवू शकतो, केएमएल फाइल उतरवू शकतो, स्क्रीनशॉट तर कुणीही घेतो. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते, ज्यांची माहिती गेली त्यांना जाऊन सांगणं. आम्ही घरोघर गेलो. "तुमचा नंबर बाहेर गेलाय, अनोळखी फोन आला तर ओटीपी, बँकेचं काही सांगू नका," असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. काही जण रागावले, बरोबरच होतं त्यांचं. कुणाला पैशाचा फटका बसलाच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

## ८. नेट गेलं की बंद नकाशा सगळ्यांनाच बंद

कुलूप लावताना ही बाजू विसरू नका. गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन भाग उतरवून ठेवला तरी माय मॅप्सवर आपण केलेल्या खुणा त्यात येत नाहीत. महापुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात. मग किल्ली खिशात असून उपयोग नाही.

दोन उपाय. गटप्रमुखांच्या फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्ससारखं ऑफलाइन अॅप टाकून त्यात केएमएल फाइल चढवून द्या. ती फाइल म्हणजे परवानगी नसलेली मोकळी प्रत, त्यामुळे तिच्यात फक्त सांकेतिक क्रमांक आणि मदतीचा प्रकार, नावं नकोतच. दुसरा उपाय कागद. माय मॅप्सच्या मेनूमध्ये नकाशा छापायची सोय आहे. छापा, प्रत्येक प्रतीवर क्रमांक टाका, कुणाला कितवी प्रत दिली ते लिहा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. छापखान्यात काम करून मला एवढं तरी कळलंय, की क्रमांक असलेला कागद माणूस जपून ठेवतो.

## ९. नकाशासारख्याच आणखी तीन जागा, जिथून माहिती गळते

'जागा नकाशात नाही, जोडा' हे बटण. आमच्या एका उत्साही पोराला खूण टाकायला सांगितलं, तर त्यानं माय मॅप्सऐवजी साध्या गुगल मॅप्समध्ये जाऊन एका आजींचं घर 'नवी जागा' म्हणून जोडायला दिलं, फोटोसकट. तिथे जोडलेली जागा मंजूर झाली की सगळ्या जगाला दिसते. अशी जागा दिसली तर तिच्यावर बोट ठेवून बदल सुचवा, आणि ती खाजगी असल्याचं कळवून काढायला लावा. वेळ लागतो. त्यापेक्षा पोरांना सुरुवातीलाच माय मॅप्स आणि साध्या गुगल मॅप्समधला फरक दाखवा.

सेव्ह केलेल्या याद्या. गुगल मॅप्समध्ये जागा सेव्ह करून त्यांची यादी करता येते. यादी खाजगी, लिंकनं शेअर केलेली, किंवा सार्वजनिक असते. यात ठराविक ईमेलना देण्याची सोय माय मॅप्सइतकी काटेकोर नाही. शेअर केलेली यादी म्हणजे पुन्हा लिंकचाच मामला. मिसळीच्या ठिकाणांची यादी करा खुशाल, घरांची नको.

लाइव्ह लोकेशन. तराफ्यावरच्या पोरांसाठी हे फार उपयोगी. व्हॉट्सअॅपवर १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असे पर्याय येतात आणि वेळ संपली की बंद होतं. गुगल मॅप्समधल्या लोकेशन शेअरिंगला मात्र 'बंद करेपर्यंत' असा पर्याय आहे. आमच्यातला एक जण २०२१ च्या पुरात चालू केलेलं लोकेशन दिवाळीपर्यंत वाटत फिरत होता. फराळाला कुणाकुणाकडे जाऊन आला, तालमीला बसल्या जागी कळत होतं.

गुगल नको असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून केलेल्या खुल्या नकाशावर, चालणारं यूमॅप बघा. तिथे कोण बघणार आणि कोण बदलणार हे वेगवेगळं ठरवता येतं. पण बदल करायची 'गुप्त लिंक' असा एक पर्याय तिथे असतो. ती गुप्त लिंकही शेवटी लिंकच.

## १०. पाणी उतरलं की आवराआवर

सप्टेंबरअखेर, गणपती गेल्यावर, आम्ही तासभर बसतो. बंद नकाशाच्या यादीतून दोन एडिटर सोडून सगळ्यांना काढतो. मे महिन्यात पुन्हा जोडतो. ठरल्या तारखेला आपोआप सगळं बंद होईल यावर विसंबून न राहता कॅलेंडरमध्ये गजर लावलाय. कुणी वारलं असेल, कुणी लेकाकडे राहायला गेलं असेल, त्यांची खूण काढतो. 'आता आमचं नाव नको' म्हणणाऱ्यांची खूण त्याच दिवशी काढायची, कारण विचारायचं नाही. त्या काकूंनी मात्र नाव काढू दिलं नाही. "नंबर काढ, घर ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

छापील प्रती परत घेतो आणि क्रमांक जुळवतो. गेल्या वर्षी नऊ वाटल्या होत्या, आठ परत आल्या. नववी दोन दिवसांनी आण्णांच्या रिक्षाच्या सीटखाली सापडली. पिशवीतून बाहेर आलेली, इंकजेटची शाई पाण्यानं पसरलेली. कुठलं घर कुठे होतं, ते आम्हालाही वाचता येईना.